एप्रिल २०२१ : वेबसाइटवर बेड रिकामा आणि फोनवर "नाही", हे नेमकं काय होतं?

कोथरूडकर_७२

परवा जुना फोन विकायला काढला म्हणून आतले फोटो बघत बसलो तर १९ एप्रिल २०२१ चे नऊ स्क्रीनशॉट सापडले. सगळे कोविडच्या दुसऱ्या लाटेतल्या त्या बेडच्या डॅशबोर्डचे (कुठल्या हॉस्पिटलात किती बेड रिकामे ते दाखवणारी वेबसाइट). काकांचं (वडिलांचे धाकटे भाऊ, तेव्हा ६४ वय) सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) सकाळी ८६ दाखवत होतं आणि मी नि चुलतभाऊ दोन फोन, एक वही घेऊन बसलेलो. स्क्रीनशॉटमध्ये आजही स्वच्छ दिसतंय, एका हॉस्पिटलसमोर ऑक्सिजन बेड रिकामे ४, दुसऱ्यासमोर २. चारवाल्यांना लावला तर तिथल्या बाई म्हणाल्या "नाहीये हो बेड, वेबसाइटवर काहीपण दाखवतात". दोनवाले उचलेचनात. दुपारी पुन्हा बघितलं तर चारचे पाच झालेले!! म्हटलं आता तर हसावं का रडावं. पुन्हा फोन, पुन्हा नाही.

शेवटी रात्री साडेअकराला सातारच्या अलीकडे एका बारा खाटांच्या हॉस्पिटलात ओळखीने जागा मिळाली. काका वाचले, ठणठणीत आहेत, रोज पर्वती चढतात आणि वर आम्हालाच शहाणपण शिकवतात, त्यामुळे रडगाणं गायला धागा काढलेला नाही. पण इतकी वर्षं डोक्यात एक गोष्ट अडकलीये. ते चार बेड खोटे होते का? की होते आणि आम्हाला दिले नाहीत? आत काम केलेलं कोणी असेल तर सरळ सांगा. राजकारण नको (येणारच आहे म्हणा).

पेठी_शंकेखोर

चार बेड कुणाच्या तरी फोनसाठी राखून ठेवलेले. विषय संपला. पुढचा धागा.

रात्रपाळी

शंकेखोर, इतक्यात संपवू नका. मी तेव्हा पिंपरीकडच्या एका खाजगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स होते, आणि तो डॅशबोर्ड भरायचं काम आमच्याकडे ज्या मुलाकडे होतं तो मूळचा बिलिंगचा. सकाळी एकदा संध्याकाळी एकदा, जमलं तर. तो वॉर्डात फोन करून विचारायचा "ताई किती रिकामे", आम्ही म्हणायचो चार, कारण चार खाटांवर त्या क्षणाला माणूस नव्हता. पण त्या चारमध्ये काय काय असायचं ते सांगते म्हणजे कोथरूडकर तुमचं चाराचं पाच कसं झालं ते कळेल.

एक खाट रात्री गेलेल्या आजोबांची. त्यांची बॉडी पॅक व्हायची होती, नातेवाईक स्वतःच क्वारंटाइन, शववाहिका तीन तासांनी येणार, तोवर बॉडी शेजारच्या खोलीत आणि खाट पुसायला मावशी नाहीत कारण दोन मावशी पॉझिटिव्ह. कागदावर खाट रिकामी. दुसरी खाट, पेशंट सकाळी आयसीयूत नेलाय पण तिथं टिकतो की परत येतो माहीत नाही, वस्तू अजून खाटेवरच. तिसरी कॅज्युअल्टीत खुर्चीवर बसून ऑक्सिजन घेणाऱ्या एका बाईंची ठरलेली, त्या पहाटे पाचपासून खुर्चीवर होत्या. आणि चौथी खरंच रिकामी, पण तिच्या भिंतीवरच्या ऑक्सिजनच्या पॉइंटला प्रेशर येत नव्हतं. म्हणजे गादी आहे, उशी आहे, स्टँड आहे, श्वास नाही.

आता त्यात फोनवरच्या बाई. ती रिसेप्शनवरची पोरगी असणार, दिवसाला तीनशे-चारशे फोन, प्रत्येक फोनवर कोणीतरी रडतंय. "नाहीये" म्हणणं सगळ्यात कमी खोटं होतं.

आणि माणसं. आयसीयूत एका नर्सकडे एक नाहीतर दोन पेशंट असं शिकवतात. माझ्याकडे त्या आठवड्यात रात्री सात होते, त्यातले तीन बायपॅपवर (घट्ट मास्कमधून दाबाने श्वास देणारं मशीन). पीपीई घातला की सहा तास पाणी नाही बाथरूम नाही. गादी दुकानात मिळते हो, व्हेंटिलेटरपण ट्रकने आले, पण व्हेंटिलेटरची अलार्म वाजली की कोणती वाजली हे ओळखणारा माणूस ट्रकने येत नाही.

पेठी_शंकेखोर

ताई तुमच्याबद्दल आदर आहे. पण राखीव बेड नव्हतेच असं म्हणताय का?

रात्रपाळी

नाही म्हणत. दोनदा डोळ्यांनी बघितलंय, वरून फोन आला आणि एक खाट "मेंटेनन्स"मध्ये गेली. पण पस्तीस दिवसांत दोनदा. बाकी सगळं मी वर लिहिलं ते.

नळजोडणी

"पॉइंटला प्रेशर नव्हतं" हे वाचून हसू आलं (कडू). मी मेडिकल गॅस पाइपलाइनचं काम करतो, तेव्हा पुणे ते कराड पट्टा माझ्याकडे होता आणि मार्च ते मे तीन महिने मी गाडीतच झोपलो. थोडा हिशोब सांगतो, कंटाळा आला तर सोडून द्या, पण बेड कुठं गेले त्याचं अर्धं उत्तर हिशोबातच आहे.

जम्बो सिलिंडर म्हणजे मोठा, त्यात साधारण ७,००० लिटर गॅस. पेशंटला मिनिटाला १० लिटर लागला तर तो साडेअकरा तास जातो. रिझर्व्हॉयर बॅगवाला मास्क लावून १५ लिटर केला तर पावणेआठ तास. आणि ते हाय फ्लो नेझल मशीन असतं ना, एचएफएनसी, ते ६० लिटरवर आणि पूर्ण ऑक्सिजनवर चाललं तर तोच सिलिंडर दोन तासांच्या आत रिकामा. म्हणजे हाय फ्लोवरचा एक पेशंट सहा साध्या पेशंटांचा ऑक्सिजन ओढतो. पहिल्या लाटेनंतर सगळ्यांनी ही मशीनं हौसेने घेऊन ठेवलेली.

आता मोठं हॉस्पिटल. समजा बाहेर ६ हजार लिटरची लिक्विडची टाकी आहे. एक लिटर लिक्विडचा साधारण ८६० लिटर गॅस होतो. नेहमीचे साठ पेशंट, १० लिटरने, तर टाकी सहा दिवस जाते, म्हणून टँकर आठवड्यातून दीडदा आला तरी चालायचं. एप्रिलमध्ये त्याच ठिकाणी शंभर पेशंट १० वर आणि वीस हाय फ्लोवर ५० ने. करा गुणाकार, मिनिटाला २,००० लिटर. सहा दिवसांची टाकी पावणेदोन दिवसांत खलास. तेवढेच टँकर, तेवढेच ड्रायव्हर, चाकणच्या प्लांटसमोर रांग.

बरं टँकर आला, टाकी भरली, तरी सुटका नाही. लिक्विडचा गॅस करायला टाकीशेजारी ते पंखांचं यंत्र असतं, व्हेपरायझर. ते बाहेरच्या हवेची उष्णता घेऊन काम करतं आणि त्याचं एक माप असतं. मापाबाहेर ओढलं की वर बर्फ धरतो, बर्फ धरला की गॅस कमी, की शेवटच्या मजल्यावरचं प्रेशर पडतं. मी स्वतः भर एप्रिलच्या उन्हात एका व्हेपरायझरवर पाण्याचा पाइप धरून बसलोय, बर्फ वितळवायला, आणि समोर नातेवाईक उभे, त्यांना वाटतंय हा माणूस झाडांना पाणी घालतोय. आणि तिसरं म्हणजे पाइप. चाळीस पॉइंटसाठी टाकलेल्या लाइनवर कोणी ऐंशी पॉइंट काढले की नळाचं जे चाळीत होतं तेच, खालच्याने नळ सोडला की वरच्याचा बंद. म्हणून मी जिथं जायचो तिथं सांगायचो की साहेब खाटा वाढवू नका, या लाइनवर एवढेच. काही डॉक्टर ऐकायचे. न ऐकणाऱ्यांच्या खाटा वेबसाइटवर दिसायच्या.

कोथरूडकर, तुमचे चार बेड बहुतेक हेच.

(२१ एप्रिलला नाशिकला महापालिकेच्या झाकीर हुसेन हॉस्पिटलात टाकीची गळती झाली, प्रेशर पडलं, २२ माणसं गेली. बातमी आली तेव्हा मी दुसऱ्या एका टाकीपाशीच होतो. त्या दिवशी हात थरथरत होते, खोटं नाही सांगत.)

कोथरूडकर_७२

बापरे. हे कुणीच कधी असं सांगितलं नव्हतं. पण मग एक बाळबोध प्रश्न, राज्यात ऑक्सिजन बनतच नव्हता का पुरेसा? तेव्हा ती रेल्वे वगैरे आठवते.

नळजोडणी

बनत होता. दिवसाला साधारण १,२५० टन, आणि तो सगळाच्या सगळा दवाखान्यांकडे वळवलेला, कारखान्यांचा बंद करून. कमी पडायला लागला एप्रिलच्या मध्यावर. रेल्वेचं म्हणाल तर १९ एप्रिलला, म्हणजे तुमच्या स्क्रीनशॉटच्याच दिवशी, कळंबोलीहून सात रिकामे टँकर मालगाडीवर चढवून विशाखापट्टणमला निघाले. गंमत म्हणजे घाटातून नेता आले नाहीत, वॅगनवर टँकर उभा केला की उंची जास्त होते, म्हणून वसई, सुरत, जळगाव, नागपूर असा वळसा. येताना तीन नागपूरला उतरले, चार नाशिकला. आमच्या भागाला त्याचा थेंब नाही मिळाला पण निदान त्यांची ओढ कमी झाली.

जुना_रेसिडेंट

मी तेव्हा एका सरकारी मेडिकल कॉलेजात मेडिसिनचा रेसिडेंट होतो. वरच्या दोघांचं शंभर टक्के खरं. फक्त एक बाजू राहिली, पेशंट खाटेवरून उठत का नव्हता.

लग्नातल्या पंगतीचं बघा. शंभर पानांची पंगत, पाऊण तासात उठते, तर हजार माणसं जेवून जातात. तीच पंगत दोन तास उठली नाही तर मांडवाबाहेर मारामारी, आणि पानं मात्र तेवढीच. कोविडचा ऑक्सिजनवरचा पेशंट आमच्याकडे दहा ते चौदा दिवस राहायचा. रोज वीस आत घ्यायचे आणि प्रत्येक जण दहा दिवस राहणार तर खाटा लागतात दोनशे. तोच मुक्काम चौदा दिवसांचा झाला तर दोनशे ऐंशी. एकही जादा माणूस आजारी न पडता ऐंशी खाटा गायब!! आणि इथं तर आजारी पण वाढत होते, १८ एप्रिलला राज्यात एका दिवसात ६८,६३१ नवीन केसेस होत्या, आणि त्यातल्या ज्यांना खाट लागणार ते अजून घरीच होते, कारण श्वास लागायचा तो सातव्या-आठव्या दिवशी. म्हणजे आकडा आज बघायचा आणि मार पुढच्या आठवड्यात खायचा.

मग त्यात रेमडेसिविर. यावर मला आजही राग येतो. इंजेक्शन मिळायचं अॅडमिट पेशंटलाच, कोर्स पाच दिवसांचा. मग सॅच्युरेशन ९६ असलेला, चालता बोलता माणूस फक्त इंजेक्शनसाठी पाच दिवस खाट अडवून बसायचा, नातेवाईक सांगायचे "डॉक्टर सीटी स्कॅनचा स्कोअर नऊ आलाय, द्याच". डब्ल्यूएचओने नोव्हेंबर २०२० मध्येच सांगितलेलं की नेहमी म्हणून हे देऊ नका, मृत्यू टळतात असा पुरावा नाही. पण ते कोण ऐकतो, बाहेर काळ्या बाजारात भाव चढलेला, आणि ज्याचा भाव चढतो ते अमृतच असणार ना. स्टेरॉइड, ऑक्सिजन आणि पालथं झोपवणं यांनी जेवढी माणसं वाचली तेवढी त्या बाटलीने नाही वाचली, हे माझं मत, भांडायचं असेल तर भांडा.

आणि डॉक्टरांचं सांगतो. नीट पीजी (एमडी-एमएसच्या प्रवेशाची परीक्षा) १८ एप्रिल २०२१ ला होणार होती, पुढं ढकलली, मग अजून ढकलली, शेवटी ११ सप्टेंबरला झाली आणि कौन्सेलिंग गेलं थेट जानेवारी २०२२ वर. म्हणजे आमच्या खाली जी नवीन बॅच यायची ती आलीच नाही. वॉर्ड चालवतात तीन वर्षांचे रेसिडेंट, आम्ही ते दोन वर्षांच्या जिवावर चालवले. हे कुठल्याच डॅशबोर्डवर नव्हतं.

गुरुजी_अंधेरी

मुंबईतला आहे, पालिकेच्या शाळेत शिक्षक. आम्हाला वॉर्ड वॉर रूमला (बेड वाटून देणारी कंट्रोल रूम) ड्यूटी लागली होती, दोन्ही लाटांना. २४ वॉर्ड, प्रत्येकाची स्वतःची रूम, जून २०२० पासून. त्याआधी सगळे एकाच १९१६ वर, तो नंबर लागायचाच नाही.

पुण्यापेक्षा आमचं एक वेगळं होतं. रिकाम्या बेडचा आकडा बघून लोकांनीच फोन फिरवत बसायचं ही पद्धत आम्ही मोडली. २०२१ च्या एप्रिलमध्ये तर खाजगी हॉस्पिटलांनापण सांगितलं होतं की वॉर रूमशिवाय परस्पर अॅडमिट करू नका. लॅबचे रिपोर्ट वॉर्डात यायचे, आम्हीच पेशंटला फोन लावायचो, वय काय, शुगर आहे का, बोटाला मशीन लावलंय का, किती दाखवतंय, एका दमात वीसपर्यंत मोजा बघू. मोजताना कुठं दम लागतो त्यावरून डॉक्टर ठरवायचे. मी गणिताचा शिक्षक, आयुष्यभर पोरांना वीसपर्यंत मोजायला शिकवलं, पण तेरावर थांबलेला आकडा ऐकून पोटात गोळा येतो हे तेव्हाच कळलं.

कौतुक नंतर झालं, सुप्रीम कोर्टानेही मे महिन्यात मुंबईकडे बघा म्हणून सांगितलं. पण आतून सांगतो, आमच्याकडे बेड जादा होते असं नाही. बीकेसी, नेस्को, वरळी, दहिसर, मुलुंड ही जम्बो कोविड सेंटरं (तात्पुरती उभारलेली मोठी हॉस्पिटलं) होती, ती पहिल्या लाटेनंतर मोडली नाहीत हा मोठा भाग. आणि कोणाला नको हे सांगायची हिंमत होती, तो दुसरा. मोठ्या नावाच्या हॉस्पिटलचाच बेड पाहिजे, नेस्को नको, असं म्हणणारे दिवसाला पन्नास. त्यांच्या शिव्या खाल्ल्या. १७ एप्रिलच्या रात्री तर सहा हॉस्पिटलातला ऑक्सिजन संपत आला म्हणून १६८ पेशंट अँब्युलन्सने दुसरीकडे हलवले. एकही दगावला नाही. त्या रात्री आमचा साधा क्लार्कसुद्धा अँब्युलन्सवाल्यांना "दादा पुढं घे रे" म्हणून विनवत होता.

पेठी_शंकेखोर

गुरुजी, मान्य. मी वर टोचून लिहिलं ते मागे घेतो, अर्धं. उरलेलं अर्धं हे की २१ मे २०२० चा राज्याचा आदेश होता, खाजगीतले ८० टक्के बेड सरकारी दराने, वॉर्ड ४,०००, आयसीयू ७,५००, व्हेंटिलेटर ९,००० दिवसाला. आमच्या मावशीचं बिल आलं त्यात बेड बरोबर ४,००० होता आणि पीपीई किट, "कन्झ्युमेबल्स", "बायोमेडिकल वेस्ट" मिळून त्याच्या दुप्पट. विचारलं तर म्हणाले तुम्ही उरलेल्या २० टक्क्यात आहात. ते ८० टक्क्यातले बेड कुठले नि २० चे कुठले, खाटेला रंग मारला होता का? म्हणून माझा विश्वास उडालेला. तांत्रिक कारणं असतील, पण ती लपायला छान जागा पण होती.

रात्रपाळी

हे मात्र खरं.

म्हापशेकार

मधेच घुसतो. नळजोडणी यांनी प्रेशरचं लिहिलं त्यावरून. आमच्या गोव्यात मे २०२१ मध्ये बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेज) हेच झालं, तिथं सिलिंडरांच्या ट्रॉल्या ट्रॅक्टरने आणून जोडायच्या, ट्रॉली बदलताना प्रेशर पडायचं आणि माणसं जायची ती पहाटे दोन ते सहा या वेळात. ११ मेला २६ जणांचे मृत्यू झाले असं आरोग्यमंत्र्यांनीच सांगितलं, हायकोर्टाच्या गोवा खंडपीठात रोज सुनावणी. नंतर २० हजार लिटरची टाकी बसवली. छोटं राज्य, एकच मोठं हॉस्पिटल, पेडण्यापासून काणकोणपर्यंत सगळे तिथंच. आमच्याकडे आजपण कोणी म्हणालं की "पहाटे गेला", की लोक गप्प होतात.

माझा प्रश्न, ट्रॉली बदलताना प्रेशर पडतं हे आधी कळत नाही का कोणाला?

नळजोडणी

कळतं. म्हणून मॅनिफोल्डला (सिलिंडर एकत्र जोडून लाइनला गॅस देणारी जोडणी) दोन बाजू असतात, एक चालू एक भरलेली तयार, डावी संपायला आली की उजवी. पण दोन्ही बाजू तयार ठेवायला हातात दुप्पट सिलिंडर पाहिजेत. तेव्हा डावी संपेपर्यंत उजवीचे सिलिंडर अजून प्लांटच्या रांगेत. आणि पहाटेचं म्हणाल तर प्लांटची रात्रीची गाडी उशिरा, ड्रायव्हर दमलेला, बदलणारा एकटा, पेशंट झोपेत मास्क सरकवतो. मी गोव्यात नव्हतो, तिथलं सांगत नाही, आमच्याकडच्या पहाटा सांगतोय.

ज्यांनी आधी विचार केला त्यांचं पण सांगायला पाहिजे. नंदुरबारला तेव्हाचे कलेक्टर स्वतः डॉक्टर, डॉ. राजेंद्र भारूड, त्यांनी पहिली लाट ओसरत असताना २०२० मध्येच हवेतून ऑक्सिजन काढायचे प्लांट बसवायला घेतले, तेव्हा लोक म्हणाले आता कशाला. शिवाय तिथं ऑक्सिजन नर्स नेमलेल्या, काम एकच, प्रत्येक खाटेपाशी जाऊन काटा बघायचा, ९४ आलंय तर फ्लो खाली आण, जेवताना मास्क काढलाय तर कॉक बंद कर. याने जेवढा वाचतो तेवढा कुठल्या टँकरने येत नाही.

कोथरूडकर_७२

सगळ्यांचे आभार. चुलतभावाला हा धागा पाठवला, तो म्हणाला त्याला त्या दिवसापासून वाटत होतं की आपण फोनवर नीट बोललो नाही, रडायला पाहिजे होतं, म्हणून बेड नाही मिळाला. पाच वर्षं हे डोक्यात घेऊन होता, मला कधी बोलला नाही.

नळजोडणी, एक शेवटचं विचारू का. त्या सातारच्या बाजूच्या हॉस्पिटलात टाकी वगैरे नव्हती, नुसते सिलिंडर. बारा खाटा, बाराही भरलेल्या. रात्रभर एक मुलगा सिलिंडर तिरपा करून गोल गोल फिरवत न्यायचा, त्याचा जिन्यावर घरंगळल्यासारखा आवाज यायचा आणि आम्ही बाहेर गाडीत झोपलेलो असताना वैतागायचो. त्याला किती बदलावे लागत असतील?

नळजोडणी

बारा पेशंट, सरासरी १० लिटर धरा, तर दिवसाला पंचवीस जम्बो. म्हणजे तासाला एक. रिकामा सिलिंडरच पन्नास-पंचावन्न किलोचा असतो. रात्रीच्या पाळीत नऊ-दहा भरलेले आत आणि तेवढेच रिकामे बाहेर. जिना असेल तर त्याची पाठ गेली असणार.

कोथरूडकर_७२

काकांना आत्ता विचारलं. म्हणाले नाव नाही माहीत, पोरगेलसा होता, खांद्यावर टॉवेल असायचा. सिलिंडर जोडून झाला की दर वेळी खाली वाकून कान लावून बघायचा. काकांना वाटायचं काही मंत्रबिंत्र म्हणतोय.

नळजोडणी

लीक ऐकत होता.